समेटाचे मोल : 'हम लोग' ते 'हम पाँच'

भारतीय कथापरंपरेत कुटुंबाचे दुभंगणे हा विषय नवा नाही. दोन्ही महाकाव्यांची उभारणीच मुळी त्यावर झालेली आहे. एकात राजपुत्राला घर सोडावे लागते, दुसऱ्यात भाऊबंदकी कुलक्षयापर्यंत जाते. मात्र या परंपरेचा कल पुनर्मीलनाकडे राहिला आहे. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त रामकथेचा शोकान्त शेवट बदलून सीता आणि राम यांची भेट घडवून आणली. त्याने हे केवळ प्रेक्षकांच्या समाधानासाठी केले असे म्हणता येत नाही, कारण संस्कृत नाट्यशास्त्राने सांगितलेल्या पाच संधींपैकी शेवटचा 'निर्वहण' हा संधी विखुरलेले धागे एकत्र आणण्यासाठीच योजलेला आहे. मराठी रंगभूमीने विसाव्या शतकात या अपेक्षेला छेद दिला. आचार्य अत्रे यांच्या 'घराबाहेर' (१९३४) या नाटकाने सासरचा उंबरठा ओलांडणारी स्त्री रंगमंचावर आणली. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) मुलांच्या घरातून बाहेर पडलेल्या आप्पासाहेब बेलवलकरांना समेटाचा दिलासा मिळत नाही, आणि याच नकारात त्या नाटकाचे सामर्थ्य आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा जुना विषय दूरचित्रवाणीच्या हाती आला. नाटकाचा किंवा कादंबरीचा शेवट लेखकाच्या हाती असतो. मालिकेचा शेवट मात्र लेखक, शासन, प्रायोजक आणि प्रेक्षक या चौघांच्या ओढाताणीतून ठरतो, किंवा ठरतच नाही. त्यामुळे घरातल्या माणसांनी एकमेकांपासून तुटणे आणि पुन्हा जवळ येणे या घटनेला येथे वेगळे रूप मिळाले. भारतात हे रूप प्रथम स्पष्ट झाले ते 'हम लोग' या मालिकेत. गंभीर कौटुंबिक कथा आणि विनोद यांचे मिश्रण या मालिकेने रूढ केले. त्या मिश्रणाचा इतिहास पाहताना एक प्रश्न मात्र सतत विचारावा लागतो : या मालिकांतील समेट कोणाच्या सोसण्यावर उभा राहिला?

दूरदर्शनचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मधील उपग्रह शिक्षण प्रयोगाने खेड्यांपर्यंत चित्रवाणी नेण्याची शक्यता दाखवली. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांमुळे संचांची मागणी वाढली, आणि १९८४ मध्ये लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने पसरले. या सर्व काळात दूरदर्शनची अधिकृत भूमिका शिक्षकाची होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, साक्षरता हे तिचे विषय होते. करमणूक हवी होती ती या विषयांकडे प्रेक्षकांना ओढून आणण्यापुरती.

ही सांगड घालण्याचा नमुना मेक्सिकोत तयार झालेला होता. तेथील निर्माते मिगेल साबिदो यांनी १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेच्या प्रसारासाठी आणि पुढे १९७७ मध्ये कुटुंबनियोजनासाठी कौटुंबिक मालिका रचल्या होत्या. त्यांची पद्धत ठरीव होती. सद्वर्तनी पात्रे, दुर्वर्तनी पात्रे आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली, हळूहळू बदलत जाणारी पात्रे अशी तीन गटांची रचना करायची. सद्वर्तनाला बक्षीस आणि दुर्वर्तनाला शिक्षा मिळताना दाखवायची. आणि भागाच्या अखेरीस एखाद्या मान्यवर व्यक्तीने बोध सांगायचा. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांना १९८२ मधील मेक्सिको भेटीत या प्रयोगावरून भारतीय मालिकेची कल्पना सुचली असे सामान्यतः मानले जाते. खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी ती पुढे नेली, पी. कुमार वासुदेव यांच्याकडे दिग्दर्शन आले आणि लेखनासाठी मनोहर श्याम जोशी यांची निवड झाली.

ही निवड निर्णायक ठरली. जोशी (१९३३-२००६) हे 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादक म्हणून हिंदी वाचकांना परिचित होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'कुरु कुरु स्वाहा' (१९८०) आणि 'कसप' (१९८२) या कादंबऱ्यांनी त्यांना आधुनिक हिंदी गद्यातील एक प्रमुख विनोदी लेखक म्हणून प्रतिष्ठा दिलेली होती. त्यांचा विनोद प्रसंगनिष्ठ असण्यापेक्षा भाषानिष्ठ होता. बोलीचे अनेक थर एकाच परिच्छेदात आणणे, गंभीर भावनेच्या ऐन क्षणी तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहणे आणि तरीही ती भावना खोटी न ठरवणे ही त्यांची खास हातोटी होती. पुढे २००५ मध्ये 'क्याप' या कादंबरीसाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीन गटांच्या ठरीव आराखड्यात पात्रे बसवण्याचे काम अशा लेखकाकडे सोपवले गेले, तेव्हा आराखडा वाकणार हे जवळजवळ निश्चित होते.

७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग'चा पहिला भाग प्रसारित झाला आणि १७ डिसेंबर १९८५ पर्यंत, म्हणजे सतरा महिन्यांत, मालिकेचे दीडशेच्या वर भाग झाले. चित्रीकरण दिल्लीजवळ गुडगाव येथे होई. शीघ्र शिजणाऱ्या शेवयांचा, म्हणजे मॅगी नूडल्सचा, उत्पादक या मालिकेचा प्रायोजक होता. शासकीय वाहिनीवर खाजगी प्रायोजकाच्या पैशाने मालिका दाखवण्याची भारतातील ही पहिलीच वेळ. कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी योजलेली कथा एका नव्या खाद्यपदार्थाच्या प्रचाराचे साधनही झाली. घरोघरीच्या स्वयंपाकात या मालिकेने केलेला बदल लोकसंख्येच्या आकड्यांत केलेल्या बदलापेक्षा अधिक सहज दाखवता येईल.

कथा निम्नमध्यमवर्गीय घराची आहे. आजोबा निवृत्त सैनिक, शिस्तीचे भोक्ते. आजी परंपरेला चिकटलेली, तोंडाची फटकळ. बाप बसेसर राम दारुडा आणि बेजबाबदार. आई भगवंती सर्वांचे निमूटपणे करणारी. थोरला लल्लू नोकरीच्या शोधात भटकणारा, भोळसट आणि स्वप्नाळू. धाकटा नन्हे क्रिकेटच्या वेडाने झपाटलेला. तीन बहिणींपैकी बडकी कष्टाळू आणि समाजकार्यात रमणारी, मझली चित्रपटात नायिका होण्यासाठी आसुसलेली आणि छुटकी डॉक्टर होऊ पाहणारी. या मुलींना घरात नावाने हाक मारली जात नाही. घरातील त्यांचा क्रम हेच त्यांचे नाव. मराठी घरांतही थोरली, मधली, धाकटी अशा हाका होत्याच, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला या नावांचा अर्थ सांगावा लागला नाही. कुटुंबाबाहेर ज्या मुलीला नाव नाही तिने कुटुंबापासून दूर जायचे म्हणजे काय करायचे, हा प्रश्न या नावांतच दडलेला आहे.

सुरुवातीचे तेरा भाग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. कुटुंबनियोजनाचा उपदेश उघड होता आणि प्रेक्षक कंटाळले. तेव्हा उपदेशाचा भाग सौम्य करण्यात आला, आणि घरातील सलोखा, स्त्रीचे स्थान, व्यसन, हुंडा, राष्ट्रीय ऐक्य असे विषय कथेच्या प्रवाहात सोडून देण्यात आले. हा बदल केवळ प्रचाराच्या तंत्रातील बदल म्हणून नोंदवला जातो. साहित्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ अधिक खोल आहे. कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायचा तर कुटुंब हे संख्येच्या रूपात पाहावे लागते : मुले किती, खाणारी तोंडे किती, मिळकत किती. सलोख्याची कथा सांगायची तर त्याच तोंडांना बोलू द्यावे लागते. लेखकाला बोलू देण्याची मोकळीक मिळताच जोशींच्या विनोदाला वाव मिळाला. आजीची कुरकुर, लल्लूचे बेत आणि त्यांची फजिती, आजोबांची लष्करी शिस्त आणि घरातील बेशिस्त यांच्यातील विसंगती हे सारे उपदेशासाठी निरुपयोगी होते. मात्र त्यांनीच घराला घरपण दिले.

या विनोदाचे कथेत नेमके कार्य कोणते, हे पाहण्यासारखे आहे. 'हम लोग'मधील दुराव्याची कारणे हास्यास्पद नाहीत. दारू, बेकारी, लग्नाच्या वयाच्या मुली आणि कमी पैसा ही ती कारणे. त्यांवर तोडगा निघत नाही म्हणून माणसे एकमेकांवर चिडतात आणि बोलणे सोडतात. अशा अबोल्यानंतर पुन्हा बोलायला सुरुवात कशी करायची, हा भारतीय घरातील कठीण प्रश्न आहे. क्षमा मागण्याची भाषा आपल्या घरांत फारशी रूढ नाही. वडीलधाऱ्याने धाकट्याची क्षमा मागणे तर जवळजवळ अशक्य. तेव्हा जेवायला बोलावणे, औषध घेतले का म्हणून विचारणे, तिसऱ्याच कोणावर तरी मिळून हसणे या आडवाटांनी समेट होतो. जोशींच्या विनोदाने या आडवाटा पडद्यावर आणल्या. घरातील दोन माणसे एकाच गोष्टीला हसली की त्यांच्यातील भांडण संपलेले नसले तरी त्याची धार जाते. चित्रपटातील समेट अश्रूंनी आणि आलिंगनाने होत असे. या मालिकेतील समेट अर्ध्या वाक्याने होतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोडू शकतो. भाग पाडून सांगितल्या जाणाऱ्या कथेच्या प्रकृतीशी हे जुळणारे होते. येथे 'निर्वहण' शेवटी एकदा येत नाही, ते तुकड्यातुकड्याने आणि तात्पुरते येत राहते.

मालिकेचा सूत्रधार होता चित्रपटसृष्टीतील ज्येष्ठ नट अशोक कुमार. प्रत्येक भागाच्या अखेरीस अर्ध्या मिनिटाच्या आसपास ते प्रेक्षकांशी बोलत, भागातील घटनेवर टिप्पणी करीत, पद्याच्या एखाद्या तुकड्याची फोडणी देत आणि पुढे काय होईल याचे कुतूहल जागे ठेवीत. साबिदोंच्या आराखड्यात ही जागा बोध सांगणाऱ्याची होती. अशोक कुमारांनी ती कीर्तनकाराच्या आणि नाटकातील सूत्रधाराच्या मध्ये कुठेतरी नेऊन ठेवली. त्यांचा स्वर आजोबांचा होता. पण घरातील आजोबांसारखा तो दरारा बाळगणारा नव्हता. पुढच्या भागांत 'हम लोग' या दोन शब्दांची निरनिराळ्या भारतीय भाषांतील रूपे उच्चारून ते निरोप घेत.

या निरोपातील भाषिक प्रश्न मराठी वाचकाच्या विशेष लक्षात येईल. हिंदीतील 'हम' एकच आहे. समोरच्याला धरून आणि समोरच्याला वगळून, अशा दोन्ही अर्थांनी तो चालतो. मराठीत त्यासाठी 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'हम लोग'चे मराठी रूप 'आम्ही माणसे' करायचे की 'आपण माणसे' करायचे, हा केवळ अनुवादाचा प्रश्न राहत नाही. घरात दुरावा येतो तेव्हा प्रथम बदलते ते सर्वनाम. 'आपले घर' म्हणणारा मुलगा 'तुमचे घर' म्हणू लागतो आणि विभक्त झालेले भाऊ 'आम्ही' म्हणू लागतात. समेट म्हणजे 'आम्ही'चे पुन्हा 'आपण' होणे. हिंदी शीर्षकाने ही संदिग्धता सांभाळली आणि प्रेक्षकांना तिच्यात सामावून घेतले. उत्तरेतील हिंदी भाषक प्रदेशांत मालिकेची लोकप्रियता अफाट होती, दक्षिणेत ती त्या मानाने कमी राहिली. 'हम' या शब्दाच्या कक्षेत कोण येतो आणि कोण बाहेर राहतो, याचे हेही एक उत्तर होते.

प्रेक्षकांचा प्रतिसाद हा या इतिहासातील सर्वांत अपूर्व भाग आहे. मालिकेच्या काळात चार लाखांच्या आसपास पत्रे आली असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्यांतील पुष्कळशी अशोक कुमारांना उद्देशून होती, आणि आपल्या पसंतीच्या लग्नाला आईवडिलांची संमती मिळवून द्यावी अशी विनंती अनेक तरुण-तरुणींनी त्यांत केली होती. घरातील वडिलांशी जे बोलता येत नाही ते पडद्यावरच्या वडिलांना लिहून कळवायचे, आणि त्यांनी आपल्या घरातील वडिलांना ते सांगावे अशी अपेक्षा करायची, असा हा उलटा प्रवास होता. बडकीने डॉक्टर अश्विनीशी लग्न करावे की नाही या तिच्या द्विधेच्या काळात तिला सल्ला देणाऱ्या पत्रांचा आणि तारांचा पाऊस पडला. लग्नाचा भाग प्रसारित झाला त्या दिवशी उत्तर भारतात काही ठिकाणी दुकाने लवकर बंद झाली. आजीला कर्करोग झाल्याचे कळताच प्रेक्षक खऱ्या आप्ताच्या आजारपणासारखे हळहळले. कथा आणि जीवन यांतील भेद प्रेक्षकांना कळत नव्हता असे या पत्रांवरून मानणे अन्यायाचे होईल. आपल्या घरातील तिढ्याबद्दल बोलण्यासाठी त्यांना एक सभ्य निमित्त हवे होते, आणि ते मालिकेने पुरवले.

परंतु याच प्रतिसादात मालिकेच्या हेतूला गेलेला सर्वांत मोठा तडाही दिसतो. भगवंती हे पात्र सोसण्याचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी रचले होते. नवऱ्याची दारू, सासूचे टोमणे आणि मुलांचे हट्ट हे सर्व गिळून गप्प राहणाऱ्या स्त्रीचे काय होते, हे पाहून प्रेक्षकांनी तसे न होण्याचा धडा घ्यावा अशी अपेक्षा होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेचा जो तपशीलवार अभ्यास केला आणि 'इंडियाज इन्फर्मेशन रेव्होल्यूशन' (१९८९) या ग्रंथात जो मांडला, त्यातून उलटेच चित्र दिसले. अनेक प्रेक्षकांना, आणि त्यांत स्त्रियांना, भगवंतीच अनुकरणीय वाटली. ज्या पात्राकडे पाहून दूर व्हायचे त्याच पात्राला त्यांनी आदर्श मानले.

या निष्कर्षाकडे विकास-संवादाच्या अभ्यासकांनी संदेशाचा विपर्यास म्हणून पाहिले. साहित्याच्या अभ्यासकाला तेथे थांबता येणार नाही. प्रेक्षक चुकले असे म्हणण्यापूर्वी कथेने त्यांना काय दाखवले, हे तपासावे लागते. कथेने दाखवले ते असे : घर फुटत नाही, कारण भगवंती फुटू देत नाही. आजोबांची शिस्त घर एकत्र ठेवू शकत नाही, बसेसर रामचा तर प्रश्नच नाही. प्रत्येक भांडणानंतर पुन्हा चूल पेटते, ताटे मांडली जातात आणि अबोला धरलेली माणसे एकाच पंक्तीला बसतात. हे सर्व ज्या व्यक्तीमुळे घडते तिला प्रेक्षक मान देतात, यात आश्चर्य कसले? मालिकेचा उपदेश सोसण्याच्या विरुद्ध होता, पण तिचा समेट सोसण्यावरच उभा होता. या विसंगतीचे उत्तर लेखकाच्या कौशल्यात नव्हते, कारण ती विसंगती समाजातूनच कथेत आलेली होती. पूर्णिमा माणकेकर यांनी दिल्लीतील स्त्री-प्रेक्षकांचा अभ्यास करून १९९९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातूनही हे दिसते की मालिकांतील स्त्रियांकडे पाहताना प्रेक्षक स्त्रिया आपल्याच घरातील स्थानाचा विचार करीत होत्या. भगवंतीला मान देणे म्हणजे आपल्या सोसण्याला कोणीतरी नाव द्यावे अशी अपेक्षा करणे होय.

मझलीच्या कथेत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. ती घर सोडून मुंबईला जाते, चित्रसृष्टीच्या मोहात फसवली जाते आणि परत येते. घर सोडलेल्या मुलाचे परतणे आणि घर सोडलेल्या मुलीचे परतणे यांत आपल्या समाजाने नेहमीच फरक केला आहे. मुलाने झाले गेले विसरावे एवढीच अपेक्षा असते, मुलीने मात्र झाल्या गेल्याचा हिशेब द्यावा लागतो. मालिकेने तिला घरात परत घेतले ही त्या काळच्या दृष्टीने उदार गोष्ट होती. पण तिचे जाणे चूक आणि तिचे परतणे शहाणपण, या चौकटीतून ती सुटली नाही. ज्या घरात तिला मझलीशिवाय दुसरे नाव नव्हते त्या घरात तिला का राहवले नाही, याची पुरेशी चौकशी आराखड्यात बसणारी नव्हती. आराखड्याला शिक्षा हवी होती आणि ती झाली. तरीही हसऱ्या, हट्टी, स्वतःवर खूश असलेल्या मझलीची जी प्रतिमा प्रेक्षकांच्या मनात राहिली ती शिक्षेपेक्षा अधिक टिकाऊ ठरली. विनोदाने येथे आराखड्याशी छुपी फितुरी केली असे म्हणता येईल.

'हम लोग' सुरू झाली त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी' ही मालिका आली. तिचे लेखन हिंदीतील नामवंत विनोदकार शरद जोशी यांचे होते. शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांनी रंगवलेले तरुण जोडपे, त्यांच्याकडे मुक्कामाला असलेला पत्नीचा भाऊ आणि प्रत्येक भागात नव्या सोंगात येणारे सतीश शाह हा तिचा संच. येथे घरातील रुसवा अर्ध्या तासाच्या आत सुरू होऊन संपतो आणि पुढच्या भागाला पाटी कोरी असते. कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली 'वागळे की दुनिया' (१९८८) याच वळणाची, पण अधिक हळवी. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांच्या वागळे दाम्पत्याला तुटण्याची चैन परवडणारी नव्हती. महिनाअखेरची तारीख त्यांना एकत्र बांधून ठेवी. या दोन मालिकांमुळे 'हम लोग'चे वेगळेपण अधिक उठून दिसते. स्वतंत्र भागांच्या विनोदी मालिकेत समेट म्हणजे मूळ स्थितीला परतणे. सलग कथेत मूळ स्थिती उरलेली नसते. तेथे माणसे परत येतात, पण ती पूर्वीची नसतात, आणि घरही पूर्वीचे नसते.

या अनुभवाला ऐतिहासिक खोली मिळाली ती जोशींच्याच 'बुनियाद'मध्ये (१९८६-८७). रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत लाहोरच्या हवेलीराम आणि लाजोजी यांच्या कुटुंबाची फाळणीपूर्व काळापासून दिल्लीतील पुनर्वसनापर्यंतची कथा आहे. येथे दुराव्याला घरातील भांडणांबरोबर देशाची सीमाही कारणीभूत होते. जी माणसे एकमेकांवर रागावली आहेत ती कधीतरी भेटतील अशी आशा धरता येते. जी माणसे सीमेपलीकडे राहिली त्यांच्याशी समेट कसा करायचा? 'बुनियाद'मध्ये विनोद विरळ झाला याचे कारण या प्रश्नात आहे. अर्ध्या वाक्याने, आडवाटेने होणारा समेट व्हायला दोन्ही माणसे एकाच घरात असावी लागतात.

नव्वदच्या दशकात खाजगी वाहिन्या आल्या आणि विनोदी कुटुंबकथेचे केंद्र दिल्लीहून मुंबईकडे सरकले. दूरदर्शनवरील 'देख भाई देख' (१९९३) या मालिकेने सुखवस्तू एकत्र कुटुंबाचे चित्र रंगवले. १९९५ मध्ये झी वाहिनीवर सुरू झालेल्या 'हम पाँच'ने तर कुटुंबकथेची मांडणीच उलटी केली. पाच मुलींचा त्रस्त बाप आनंद माथुर ही भूमिका अशोक सराफ यांची. त्याची दिवंगत पहिली पत्नी भिंतीवरच्या तसबिरीतून त्याच्याशी बोलते, आणि ती भूमिका केली प्रिया तेंडुलकर यांनी. मराठी रंगभूमीशी जवळचे नाते असलेल्या या दोघांच्या टायमिंगने हिंदी मालिकेला निराळाच सूर दिला. 'हम लोग'मधील मुलींना क्रमाची नावे होती. येथील पाचजणींपैकी बहुतेकींना स्वतःची नावे आहेत आणि स्वतःचे विक्षिप्त हट्टही आहेत. कोणी स्त्रीमुक्तीवादी, कोणी पुस्तकी, कोणी सौंदर्यस्पर्धेच्या स्वप्नात, तर कोणी 'भाई' म्हणवून घेणारी. घराला वेठीला धरतात त्या मुली, आणि सोसतो तो बाप.

तसबिरीतील पत्नी ही केवळ विनोदी क्लृप्ती नाही. सांभाळून घेणारी, सल्ला देणारी, नवऱ्याला त्याच्या चुका दाखवणारी स्त्री येथे मरणोत्तर बोलते. भगवंतीला जिवंतपणी जे म्हणता आले नाही ते भिंतीवर टांगलेली ही स्त्री बिनधास्त म्हणते. बोलण्याचे हे स्वातंत्र्य तिला मिळाले ते घरकामातून सुटका झाल्यावर, ही गोष्ट प्रेक्षक हसता हसता विसरून गेले. विनोद काही वेळा सत्य सांगतो आणि ते सांगितल्याची जाणीवही होऊ देत नाही.

'हम पाँच' ज्या बालाजी संस्थेने निर्माण केली त्याच संस्थेची 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ३ जुलै २००० रोजी सुरू झाली आणि २००८ पर्यंत चालली. दैनंदिन मालिकेच्या या नव्या व्यवस्थेत दुरावा हे भांडवल झाले. समेट झाला की कथा संपते, म्हणून समेट लांबवायचा, आणि झालाच तर लगेच मोडायचा. विनोद या व्यवस्थेला अडचणीचा वाटला, कारण दोन माणसे मिळून हसली की त्यांचे वैर वर्षानुवर्षे टिकवता येत नाही. मराठीत याच सुमारास दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेने वेगळी वाट धरली. तीन पिढ्यांच्या घरातील लहान रुसवेफुगवे तिने आजोबांच्या मिस्किल नजरेतून दाखवले. 'हम लोग'मधील आजोबांच्या हुकमापासून टिपरे आबांच्या कुतूहलापर्यंत भारतीय घरातील वडीलधाऱ्या माणसाचा झालेला प्रवास या दोन मालिकांच्या तुलनेतून मोजता येतो.

या इतिहासाचा अर्थ लावताना दोन सोप्या निष्कर्षांचा मोह टाळावा लागतो. जुनी दूरदर्शन मालिका निर्मळ होती आणि नंतर बाजाराने ती बिघडवली, हा पहिला मोह. 'हम लोग'ही बाजाराच्याच पैशावर उभी होती आणि तिचा समेट निर्दोष नव्हता. दुसरा मोह म्हणजे ही सारी करमणूक असून साहित्याच्या अभ्यासाशी तिचा संबंध नाही असे मानण्याचा. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत भारतीय कुटुंबाने स्वतःबद्दल सर्वाधिक प्रेक्षकांसमोर जे बोलून दाखवले ते या मालिकांतून. कादंबरीकार मनोहर श्याम जोशी आणि विनोदकार शरद जोशी यांनी या माध्यमासाठी लेखन केले, ही घटना हिंदी साहित्याच्या इतिहासात तळटीप म्हणून ढकलून देण्यासारखी नाही.

'नटसम्राट'ने समेट नाकारून जे सांगितले त्याहून वेगळी गोष्ट या मालिकांनी समेट घडवून सांगितली. घर मोडल्यावर काय उरते हे शोकनाट्य दाखवते. घर मोडू नये म्हणून रोज काय करावे लागते आणि ते कोण करते, हे हसऱ्या कुटुंबकथेने दाखवले. भगवंतीला आदर्श मानणाऱ्या त्या पत्रलेखिकांनी आराखड्याचा धडा घेतला नाही हे खरे. पण समेटाची किंमत कोण देते हे त्यांनी नेमके ओळखले होते. ती किंमत एकट्या भगवंतीने का द्यावी, हा पुढचा प्रश्न 'हम लोग'ला विचारता आला नाही. 'हम पाँच'ने तो हसण्यावारी नेला, आणि त्यानंतरच्या दैनंदिन मालिकांनी तो विचारलाच नाही. भारतीय भाषांतील कौटुंबिक कथनाचा अभ्यास करणाऱ्यांना आपले काम या अनुत्तरित प्रश्नापासून सुरू करावे लागेल.